करिमाभाभीचं माप

करिमाभाभीला कामावर मीच घेतलं, तेही रागाच्या भरात. २०१९ साल होतं. बारामतीच्या आमच्या हॉस्पिटलात स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेवर एक मोठा अभ्यास सुरू झाला होता, आणि त्याचे कागद सांभाळणं, बायकांना गावोगाव जाऊन गाठणं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. मी मूळची नर्स. कागदांपेक्षा माणसं परवडली असं मानणारी. पण या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक बाईचे दोन्ही हात दर तीन महिन्यांनी टेपनं मोजायचे होते, मनगटापासून दंडापर्यंत चार जागी, आणि तिथंच आमचं घोडं पेंड खात होतं. दोन शिकलेल्या मुली ठेवल्या होत्या. निमगाव केतकीच्या बायका त्यांच्यासमोर बाही वर करायला तयार होईनात. एका म्हातारीनं तर "हात बघून काय भविष्य सांगनार का गं?" असं विचारून एकीला रडवलं. दुसऱ्या महिन्यात दोघींनी काम सोडलं.

त्या दिवशी निमगावच्या आठवडे बाजारातून मी तणतणत एसटी स्टँडकडं निघाले होते. मोजलेला एकही हात पदरात नव्हता. बांगड्यांच्या एका दुकानासमोर सावली दिसली म्हणून टेकले. दुकान म्हणजे ताडपत्री आणि वर पाच-सहा खोकी. मागं बसलेल्या बाईनं काही न विचारता माझा हात मांडीवर ओढला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला, आणि "सासू हाय का घरात?" असं विचारलं. मी सासूबद्दल बोलायला लागले. त्या विषयावर मी थांबत नाही. थांबले तेव्हा हातात सहा बांगड्या होत्या आणि मला काही कळलं नव्हतं.

"सव्वादोनचा हात हाय तुमचा सिस्टर," ती म्हणाली. "पर डावा जरा जाड हाय. डावखुऱ्या हायसा व्हय?"

मी खरंच डावखुरी आहे. दोन हातांतला जो फरक टिपायला आमच्या मुली नापास झाल्या, तो या बाईला नुसत्या हाताला कळत होता. मी तिथंच तिला विचारलं, दवाखान्याचं काम करशील का. ती करिमा मणेर.

माहेर इंदापूरचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन निमगावात आली. नवरा बादशाह इंदापूरच्या स्टँडजवळ बांगड्यांची गाडी लावतो, आणि ही घरोघर जाऊन लग्नाचे चुडे भरते. शाळा सातवीपर्यंत. तीस वर्षांत पंचक्रोशीतल्या बहुतेक बायकांचे हात तिच्या मांडीवर येऊन गेलेले. तोंडं विसरायची, हात नाही. रस्त्यात कुणी "ओळखलं का भाभी?" म्हटलं की ही आधी मनगट धरायची आणि मग नाव सांगायची. बांगड्या भरण्याचे तिचे काही नियम होते आणि ती ते देवधर्मासारखे पाळायची. बांगडी फुटली असं चुकूनही म्हणायची नाही, वाढली म्हणायची. कुणाचाही हात कडक आहे असं म्हणायची नाही. "कडक म्हटलं की बाई घाबरून मूठ आवळते, सिस्टर. मऊ म्हनायचं, लोनी म्हनायचं आन गपकन दाबायचं. मांस दबतं, हाड सरकतं, बांगडी चढती."

हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी हसले होते.

अभ्यास काय होता तेही सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. स्तनातली गाठ काढताना पूर्वी डॉक्टर बगलेत प्रत्येकालाच असतात त्या रसग्रंथींच्याही सगळ्या गाठी काढायचे, आजार तिथून पुढं पसरू नये म्हणून. त्यानं जीव वाचायचा, पण काही बायकांचा त्या बाजूचा हात सुजायचा, आणि सूज मुरली की जन्मभर राहायची. नव्या पद्धतीत बगलेतल्या पहिल्या दोन-तीनच गाठी काढायच्या. एवढ्यानं भागतं का, की आजार उलटतो, हे तेव्हा कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. म्हणून आठ हॉस्पिटलांनी मिळून ठरवलं, निम्म्या बायकांची मोठी शस्त्रक्रिया करायची, निम्म्यांची छोटी, आणि कुणाची कोणती ते संगणकानं ठरवायचं. डॉक्टरांनी नाही आणि बाईनंही नाही. आमच्याकडं त्याला सगळे चिठ्ठी म्हणायचे. करिमाभाभी बायकांना समजावताना सांगायची, "डाक्टरलाच ठावं न्हाय म्हनून तर चिठ्ठी. ठावं आसतं तर तुला कशाला इचारलं आसतं?" संमतीच्या नऊ पानांत जे आम्हाला नीट मांडता आलं नव्हतं, ते हिनं दोन वाक्यांत मांडलं होतं.

दर वर्षी पुण्यात एक समिती बसायची. ती आठही हॉस्पिटलांचे आकडे बघायची. आजार किती जणींना उलटला, हात किती जणींचे सुजले, आणि अभ्यास असाच चालवायचा, बदलायचा की थांबवायचा, हे ठरवायची. त्यासाठी हे टेपचं माप. शिवाय दोन हातांत दोन सेंटीमीटरचा फरक आला की त्या बाईला लगेच बारामतीला फिजिओथेरपीला पाठवायचं, असा नियम होता. लवकर पाठवलं तर सूज उतरते.

मी भाभीला अर्ध्या दिवसात शिकवलं. कुठं खूण करायची, आकडा कुठं लिहायचा, टेप नुसती कातडीला टेकली पाहिजे, आवळायची नाही. ती मान डोलवत होती. गळ्यात ओळखपत्र आलं तर त्याचा कोण आनंद! बाजारात दुकानावर बसतानाही ते पदरावर दिसेल असं घालायची. बादशाहभाई म्हणायचे, "आता हिला साहेब म्हनावं लागतंय."

आणि काम म्हणाल तर तिनं आमची लाज राखली. निमगाव, लासुर्णे, भिगवण आणि इंदापूर मिळून एकवीस बायका तिच्याकडं होत्या, एकीचंही माप चुकलं नाही. कोरोनाच्या दिवसांतही ती बादशाहभाईंच्या मोटारसायकलवर मागं बसून, तोंडाला पदर बांधून गेली. बाकीच्या हॉस्पिटलांत निम्म्या बायका हाताला लागत नव्हत्या. आमचे सर्जन विजयसिंह सर पुण्याच्या बैठकीत छाती काढून सांगायचे, आमच्याकडं बांगड्या भरणारी बाई आहे. दर तीन महिन्यांनी मी तिच्याशेजारी बसून दोन-तीन मापं तपासायची आणि कागदावर सही करायची, असं ठरलं होतं. पहिल्या दोन वेळा मी गेले; तेव्हा कुणाचा हात सुजलेला नव्हता, तिचं माप माझ्या मापाशी जुळलं. मग कोरोना आला. कोरोना गेल्यावरही मी टेबलावर बसूनच सह्या करत राहिले. इतकं चोख काम करणाऱ्या बाईचं तपासायचं काय?

२०२१च्या उन्हाळ्यात समितीनं आकडे बघून सांगितलं, चालू ठेवा. त्यानंतर दोन महिन्यांनी कौसल्याबाई आल्या.

कौसल्याबाई निमगावच्या पानमळ्यात मजुरीनं जायच्या. अंगठ्याला पत्र्याचं नख लावून नागवेलीची पानं खुडायची, निवडायची, थप्प्या लावायच्या. दोन्ही हातांनी इतक्या भराभर की बघणाऱ्याचे डोळे थकावेत. बांगड्या भरताना त्यांनी करिमाभाभीच्या कानात सांगितलं, छातीत बोराएवढी गाठ लागतेय. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. भाभीनं ताडपत्री गुंडाळली आणि तशीच त्यांना एसटीत घालून बारामतीला आणलं. गाठ वेळेवर सापडली. आज कौसल्याबाई जिवंत आहेत त्या भाभीमुळं, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तिला स्वतःलाच ते आठवत नाही.

चिठ्ठी निघाली मोठ्या शस्त्रक्रियेची. डाव्या बगलेतल्या सगळ्या गाठी काढल्या. जखम छान भरली, औषधं झाली, आणि दर तीन महिन्यांनी भाभी माप आणायला लागली. फरक अर्धा सेंटीमीटर. मग पाऊण. मग एक. काळजीचं काही नाही.

२०२३ उजाडेपर्यंत बाहेरचं जग बदललं होतं. दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांचे निकाल येत गेले, पुण्या-मुंबईचे सर्जन मोठी शस्त्रक्रिया सोडत गेले, आणि आमच्या ओपीडीत बायकांच्या मुली मोबाईल दाखवून विचारायला लागल्या, "सगळ्या गाठी काढायची आता गरज नाही म्हणतात, मग चिठ्ठी कशाला?" ज्या प्रश्नासाठी अभ्यास उभा केला होता, तो प्रश्नच चालता चालता शिळा झाला होता. समितीनं आराखडा बदलला. मोठ्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी बंद, इथून पुढं सगळ्यांची छोटीच, आणि अभ्यास नव्या प्रश्नावर वळवायचा. जुन्या बायकांना घरी जाऊन हा बदल सांगायचा आणि पुढंही हात मोजू देणार का, हे नव्यानं विचारायचं. ते काम अर्थात माझं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर कौसल्याबाईंच्या घरी आम्ही दोघी गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी कागद काढला आणि माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. उजव्या हातात हिरव्या बांगड्या, डावा मोकळा. नवरा तर समोर बैलाला पाणी दाखवत होता.

"डाव्या हातातल्या बांगड्या?" मी विचारलं.

"वाढवल्या की. साल झालं," कौसल्याबाई म्हणाल्या. "रुतायला लागल्या हुत्या. करिमाभाभीनंच कापल्या."

मी फाईल उघडली. वर्षभरापूर्वीचा फरक, एक सेंटीमीटर. परवाचा, एक पॉइंट दोन. मी टेप मागितली आणि स्वतः मोजलं, टेप नुसती टेकवून. कोपराच्या वर पाच सेंटीमीटरचा फरक. पुन्हा मोजलं. पाचच. मी टेप भाभीकडं दिली, "तुम्ही मोजा."

तिनं हात मांडीवर घेतला. "लोनी हाय गं हात," म्हणाली सवयीनं, आणि टेप गुंडाळून गपकन दाबली, जशी बांगडी चढवताना दाबते तशी. सुजलेलं मांस टेपखाली दबलं, काठांवर फुगून वर आलं. "एक आन जरा वर," ती म्हणाली. टेप काढली तेव्हा कातडीवर वळ उमटला होता, आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. दुसऱ्या, धडधाकट हाताला ती तितकंच दाबायची, पण धडधाकट हात दबत नाही. दबते ती सूज.

तो वळ आम्ही तिघीही बघत होतो. कौसल्याबाईंना काही कळलं नाही. भाभीला कळलं. तिचे हात टेपसकट मांडीवर तसेच पडून राहिले.

जीपमध्ये बसल्यावर मी तिच्यावर ओरडले. मला ओरडायला फार लागत नाही. "बांगड्या कापल्यात तुम्ही त्यांच्या! हात सुजलाय हे तुम्हाला ठाऊक होतं! मला का नाही सांगितलं?"

"टेप एकच म्हनत हुती," ती म्हणाली. "मला वाटलं, टेप दवाखान्याची हाय, तिला जास्त कळत आसंल. आन कागदात बांगडीचं कुठं इचारलंय, सिस्टर?"

कागद मीच तयार केला होता.

विजयसिंह सरांनी एकवीसच्या एकवीस बायकांना बोलावून घेतलं. चौघींचे हात थोडे सुजलेले निघाले, उपचारांनी उतरतील असे. कौसल्याबाईंचाच उशीर झाला होता. फिजिओथेरपीच्या मुलीनं हात दाबून बघितला आणि सरांकडं बघून मान हलवली. सर म्हणाले, "पट्टी बांधायची, रोज चोळायचा. वाढू द्यायचा नाही. आता कमी व्हायचा नाही तो." दीड वर्षापूर्वी पाठवलं असतं तर उतरला असता, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेऊन कशाला, भाभी दारातच उभी होती.

तिनं आत येऊन विचारलं, "सायेब, मी टेप सैल धरली आसती, तर त्या पुन्याच्या मान्सांनी चिठ्ठी आधीच बंद केली आसती का? कौसल्याक्काची निघायच्या आधी?"

सर चांगला माणूस आहे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "सहाशे बायका होत्या, करिमाभाभी. तुमच्या एकवीस. त्या वेळी समितीनं मुख्य बघितलं ते आजार उलटतोय का. तुमच्या मापानं निकाल फिरला असता असं मला वाटत नाही."

"वाटत न्हाय का ठावं हाय?"

सर म्हणाले, "ठाऊक नाही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

मग त्यांनी माझ्याकडं तपासणीचे कागद मागितले. मी दिले. कौसल्याबाईंच्या आठ मापांखाली माझ्या आठ सह्या होत्या, सगळ्या बारामतीत बसून केलेल्या. सरांनी ते कागद वाचले आणि परत दिले. ते ओरडले असते तर मी भांडले तरी असते.

पुण्याहून आठ दिवसांत पत्र आलं. मापाची पद्धत चुकीची असल्यामुळं करिमा मणेर यांनी घेतलेली सर्व मापं निष्कर्षातून वगळावीत. झालेले आकडे खोडता किंवा सुधारता येणार नाहीत, ते बाजूला ठेवले जातील. पुढची मापं प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीनंच घ्यावीत. पत्रात चूक काढायला जागा नव्हती. मी त्या समितीत असते तर मीही तसंच लिहिलं असतं. चुकीच्या आकड्यांवर पुढच्या बायकांची शस्त्रक्रिया ठरवायची नसते.

भाभीनं ओळखपत्र आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "ऱ्हाऊ द्या की," मी म्हटलं. ती म्हणाली, "कौसल्याक्काला सांगायचंय. तुमी संगं या. मला कागदातलं सांगता यायचं न्हाय."

मी तिला परोपरीनं सांगून बघितलं. सांगून हात उतरणार आहे का, त्या बिचारीला उगीच मनस्ताप, वगैरे. खरं सांगायचं तर मला माझा मनस्ताप नको होता. ती ऐकेना.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. कौसल्याबाई ओट्यावर पानं निवडत होत्या. खुडायचं काम सुटलं होतं, डावा हात वर उचलून धरवत नव्हता. मळेवाला घरी पानं पाठवायचा आणि त्या एका हातानं थप्प्या लावायच्या. डावा हात पट्टी बांधून मांडीवर ठेवलेला. सून उत्कर्षा आत भाकरी करत होती, तिनं आवाज ऐकून पाणी आणलं आणि आमची तोंडं बघून तिथंच थांबली.

भाभीनं सगळं सांगितलं. टेप आवळली गेली, मांस दबलं, आकडा कमी आला, आकडा कमी आला म्हणून बारामतीला पाठवलं नाही, पाठवलं असतं तर उतरला असता. स्वतःला कुठं सूट दिली नाही. पुण्याच्या समितीचंही सांगितलं, की कदाचित चिठ्ठी आधीच बंद झाली असती, कदाचित नसती, ते कुणालाच ठाऊक नाही.

कौसल्याबाई ऐकत होत्या. मध्येच एक डागाळलेलं पान त्यांनी थप्पीतून काढून बाजूला टाकलं. मग माझ्याकडं वळल्या.

"आन तुमच्या कागदात जे लिवलंय माज्या हाताचं, त्याचं काय केलं?"

"ते बाजूला ठेवलंय," मी म्हटलं. "माप चुकलं होतं ना, म्हणून ते हिशेबात घेता येत नाही."

"म्हंजी काढून टाकलं."

"बाजूला ठेवलं."

"व्हय, म्हंजी काढूनच टाकलं की." आवाज चढलेला नव्हता. "चिठ्ठीच्या दिशी तुमीच म्हनला हुता सिस्टर, तुमचं जे हुईल ते लिवून ठिवू, म्होरल्या बायांच्या कामी यील. मी म्हनलं, चला, एवढं तरी आपल्या हातनं. आता ते बी काढलं." त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून माझ्यासमोर धरला. "मग ह्यो कुनासाठी सुजला?"

उत्कर्षा दारात उभी होती. मी सरांचे शब्द आठवायला लागले, सहाशे बायका, एकवीस बायका, आणि त्यातला एकही त्या हातासमोर काढण्यासारखा नव्हता.

करिमाभाभी पुढं सरकली. तिनं तो हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागली. "कुनासाठी ते मला सांगता येत न्हाय, आक्का," ती म्हणाली. "कुनामुळं, ते ठावं हाय. माज्यामुळं."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तपासणी माझी होती, सह्या माझ्या होत्या, दोन वर्षांत एकदा जरी मी या ओट्यावर येऊन बसले असते तरी तो वळ मला दिसला असता. हे सगळं जिभेवर आलं होतं. मी मूग गिळून बसले. भाभीला ते सगळं माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. बोटांपासून वर खांद्याकडं ती हात चोळत राहिली, कुठंही न दाबता, आणि कौसल्याबाई तिला सांगत होत्या, जरा जोरानं चोळ गं, मला काय लागत न्हाय.